ग्रोमेटची तारीख घेण्याआधी दोन ऑडिओग्राम हवेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यातली सर्दी-खोकल्याची लाट ओसरली की तीन ते सात वर्षांची मुलं एकाच तक्रारीने कानाच्या डॉक्टरांकडे येऊ लागतात. शाळेतून निरोप असतो, 'वर्गात लक्ष देत नाही.' घरी टीव्हीचा आवाज वाढलेला असतो, आणि पाठमोऱ्या मुलाला हाक मारली तर तीनदा मारावी लागते. तपासणीत कानाच्या पडद्यामागे पाणी निघतं आणि चिठ्ठीवर लिहून येतं : दोन्ही कानांत ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी), सोबत ॲडिनॉइड (नाकामागची गाठ) काढणं. काही घरांतून दुसऱ्याच दिवशी होकार जातो. काही घरांत 'त्याचा बापही चौथ्या वर्षी बोलला' असं म्हणून ती चिठ्ठी फायलीत जाते ती कायमची. आमच्या मते हे दोन्ही निर्णय बिनमापाचे आहेत. पाणी किती दिवस आहे, त्यामुळे ऐकणं किती डेसिबलने उतरलं आहे आणि मूल कोणतं आहे, एवढं कळल्याशिवाय 'करू' म्हणणं घाईचं आणि 'नको' म्हणणंही घाईचंच.

पडद्यामागची पोकळी एका नळीने नाकाच्या मागच्या भागाशी जोडलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना ती नळी उघडते आणि आत ताजी हवा जाते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यातून सर्दीची सूज किंवा वाढलेलं ॲडिनॉइड, की ती नीट उघडेनाशी होते. आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि पोकळीत स्राव साठतो. सुरुवातीला तो पातळ असतो, पुढे चिकट होतो, तार धरतो. ताप नाही, ठणका नाही, कान वाहत नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. शिवाय ऐकणं दिवसागणिक कमीजास्त होतं. 'त्याला हवं ते बरोबर ऐकू येतं' या तक्रारीचा उगम बहुतेकदा तिथेच असतो.

आता कागदाकडे. टिम्पॅनोमेट्रीत कानात मऊ बोंडी बसवून हवेचा दाब बदलतात आणि पडदा किती हलतो ते पाहतात. आलेख मध्ये डोंगर काढून उतरला तर 'ए' टाइप, म्हणजे पडदा मोकळा. डोंगर डावीकडे, उणे दाबाकडे सरकला तर 'सी' टाइप. नळी कुरकुरते आहे, पण पोकळीत हवा आहे. नुसती सपाट रेघ आली तर 'बी' टाइप. ही सपाट रेघ पाहूनच सगळे 'पाणी' म्हणतात, आणि घोटाळा नेमका इथे होतो. त्याच कागदावर कोपऱ्यात बोंडीपासून पडद्यापर्यंतच्या जागेचं आकारमान मिलिलिटरमध्ये छापलेलं असतं. लहान मुलात ते साधारण ०.४ ते ०.९ असेल आणि रेघ सपाट असेल, तरच पडद्यामागे पाणी असावं असं म्हणता येतं. आकडा ०.२-०.३ असेल तर बोंडी कानाच्या भिंतीला टेकली आहे किंवा मळ अडकला आहे. मळ काढून पुन्हा तपासणी. आकडा दीडच्या पुढे गेला तर पडद्याला भोक असण्याचा संभव आहे. तिन्ही वेळा रेघ सपाटच, पण पुढचा रस्ता तीन वेगळ्या दिशांना जातो. सहा महिन्यांखालच्या बाळाला नेहमीच्या २२६ हर्ट्झच्या टोनने ही तपासणी केली तर पाणी असूनही आलेख चांगला येऊ शकतो, त्यांना १००० हर्ट्झचा टोन लागतो.

टिम्पॅनोग्राम पाणी सांगतो, ऐकणं सांगत नाही. तेवढ्यावर शस्त्रक्रिया ठरवू नये. त्यासाठी ऑडिओग्राम, म्हणजे किती हळू आवाज ऐकू येतो याचा आलेख लागतो (त्यातला डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी), आणि 'मूल लहान आहे, ऑडिओमेट्री होणार नाही' हे कारण फारसं खरं नाही. अडीच-तीन वर्षांचं मूल 'आवाज आला की डब्यात मणी टाक' हा खेळ दहा मिनिटांत शिकतं. त्याहून लहान मुलाची तपासणी आवाजाकडे मान वळवली की दिव्याचं खेळणं लागतं, अशा पद्धतीने होते. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार ठिकाणची सरासरी काढायची, हवेतून आणि कानामागच्या हाडावरून, दोन्ही. हाडावरचं ऐकणं चांगलं आणि हवेतून आलेलं उतरलेलं, म्हणजे नस ठीक, अडथळा वाटेत. निव्वळ पाण्याने ऐकणं सरासरी २५ ते ३० डेसिबलपर्यंत उतरतं. आकडा ५०च्या पुढे गेला तर 'पाणीच आहे' हे उत्तर अपुरं आहे, दुसरं काहीतरी शोधायला हवं.

बेरा, म्हणजे डोक्याला तारा लावून आवाजाला नसेचा प्रतिसाद मोजणाऱ्या तपासणीबद्दल एक सावधगिरी. मुलाला झोपवून केलेला बेरा फक्त हवेतून केला, तर पाण्याची घट आणि नसेची घट त्यात एकत्र येतात. पाणी असताना ओएई ही आतल्या कानाचा प्रतिध्वनी मोजणारी तपासणीही 'रेफर', म्हणजे नापास, येणारच. असे दोन कागद पाहून नसेचा बहिरेपणा ठरवला गेला तर घरावर आभाळ कोसळतं. अशा वेळी हाडावरचा बेरा मागावा, नाहीतर पाणी गेल्यावर तपासणी पुन्हा करावी.

तीन महिने थांबा, असं का सांगतात? कारण पाणी बहुधा आपोआप जातं. कान ठणकून गेल्यानंतर राहिलेलं पाणी चारांतल्या तीन मुलांत तरी तीन महिन्यांत ओसरतं. जे तीन महिने टिकलं, ते मात्र पुढेही रेंगाळण्याची शक्यता बरीच असते. म्हणून पहिला ऑडिओग्राम आणि तीन महिन्यांनंतरचा दुसरा, यांच्या मधल्या काळाला किंमत आहे. दिवस मोजायचे ते निदान झालेल्या तारखेपासून. आईला 'दिवाळीपासून वाटतंय' असं आठवत असेल तर तेही धरावं.

या तीन महिन्यांत बाटल्या कमी लागतात. अँटिबायोटिकचा कोर्स, ॲलर्जीच्या गोळ्या, नाक मोकळं करणारे थेंब यांनी पडद्यामागचं पाणी लवकर जातं असं दिसलेलं नाही. तोंडावाटे स्टेरॉइडचीही गत तीच. वेल्स आणि इंग्लंडमध्ये झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुलांना सात दिवस प्रेडनिसोलोन दिलं. पाच आठवड्यांनी ऐकणं सुधारलेल्यांचं प्रमाण औषधवाल्यांत ४० टक्के आणि नकली औषधवाल्यांत ३३ टक्के निघालं, हा फरक ठोस म्हणावा असा नव्हता. नाकाची ॲलर्जी खरोखर असेल तर तिच्यासाठी स्प्रे द्यावा, पण तो नाकासाठी आहे हे पालकांना सांगून. कानात कोमट तेल, लसणाचं तेल घालून तर काहीच साधत नाही : पाणी पडद्याच्या आत, तेल बाहेर. चारएक वर्षांच्या पुढच्या मुलाला नाकाने फुगा फुगवण्याचं साधन देऊन पाहता येतं. एक नाकपुडी दाबून दुसरीने फुगवायचं, दिवसातून तीनदा, निदान महिनाभर. फायदा माफक असतो आणि नेम ठेवला तरच मिळतो, पण थांबायचंच आहे तर करून पाहण्यासारखं आहे. कान ठणकत असताना मात्र नको. घरात विडी-सिगारेट ओढणारं कोणी असेल तर ती बंद होणं हे कुठल्याही थेंबांपेक्षा अधिक उपयोगाचं.

शाळेत जागा बदलावी लागते आणि हे काम फुकटात होतं. बोलण्याचा आवाज एक मीटरवर साधारण ६० डेसिबल धरला तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो ६ने घटतो. चार मीटरवर ४८च उरतो. त्यातून ३० वजा करा आणि वर पन्नास मुलांचा गलका, पंख्याची घरघर धरा. मागच्या बाकावर 'स', 'श', 'फ' आणि शब्दाच्या शेवटचे 'ला', 'ने', 'त' पोचतच नाहीत. मूल पहिल्या बाकावर, भिंतीपासून दूर, बाईंचा चेहरा दिसेल असं बसवावं. घरी हाक मारण्याआधी समोर जावं, टीव्ही बंद करून बोलावं.

सगळ्याच मुलांना हे तीन महिने लागू नाहीत, हे ठळकपणे सांगायला हवं. टाळू दुभंगलेली मुलं, डाउन सिंड्रोम असलेली मुलं, आधीपासून नसेचा बहिरेपणा असलेली, दृष्टी कमी असलेली, स्वमग्न किंवा भाषा आधीच मागे पडलेली मुलं यांच्याकडे हातात वेळ कमी असतो. टाळू दुभंगलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या पडद्यामागे पाणी असतंच. नसेच्या बहिरेपणासाठी कानाचं मशीन लावलेल्या मुलाच्या पडद्यामागे पाणी झालं तर मशीनचा निम्मा फायदा निघून जातो. यांच्याबाबत 'पाहू' म्हणू नये. डाउन सिंड्रोममध्ये गोष्ट उलट वळणही घेते : बाहेरून पडद्यापर्यंत जाणारी कानाची वाटच इतकी अरुंद असते की ग्रोमेट बसवणं अवघड, बसलं तर कान वाहण्याचा त्रास जास्त, तिथे श्रवणयंत्र हा पुष्कळदा चांगला मार्ग ठरतो.

तीन महिन्यांनी दुसरा ऑडिओग्राम आला, आता पुढे काय? दोहोंपैकी चांगल्या कानाची सरासरी २०च्या आत असेल तर आणखी तीन ते सहा महिने थांबून पुन्हा तपासावं. दोन्ही कानांत पाणी कायम आणि चांगला कान २५-३० किंवा त्याहून वाईट असेल तर ग्रोमेटबद्दल गंभीरपणे बोलावं. ४०च्या पुढे असेल तर रेंगाळू नये. एकाच कानात पाणी असेल तर सहसा घाई नसते. आकडा चांगला असूनही शस्त्रक्रिया लागते अशी एक जागा आहे : पडदा आत ओढला जाऊन हाडाला चिकटू लागला असेल किंवा वरच्या भागात खळगा पडत असेल तर. हे दुर्बिणीखाली पाहणाऱ्या डॉक्टरांनाच कळणार, म्हणून पडद्याचा फोटो मागून ठेवावा.

'उशीर झाला तर मूल कायमचं मागे पडेल' अशी भीती घातली जाते, तिच्याबद्दल. अमेरिकेत पिट्सबर्ग इथे ६,३५० बाळांवर लक्ष ठेवून, पाणी टिकून राहिलेल्या ४२९ मुलांचे दोन गट केले गेले. एका गटाला ग्रोमेट लगेच, दुसऱ्याला पाणी टिकलंच तर जास्तीत जास्त नऊ महिन्यांनी. तिसऱ्या वर्षीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. बोलणं, भाषा, आकलन, वागणूक यांत फरक नव्हता. पुढे नऊ ते अकराव्या वर्षीही दिसला नाही. मात्र त्यात निवडलेली मुलं एरवी निरोगी होती. वर सांगितलेल्या मुलांना हा दिलासा लावू नये, आणि सहा वर्षांच्या, ३५ डेसिबलवर अडकून पहिलीत चुकणाऱ्या मुलालाही नाही. ग्रोमेटने ऐकणं पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत स्पष्ट सुधारतं. त्यानंतर न केलेली मुलंही हळूहळू गाठतात. म्हणजे पालक शस्त्रक्रियेने विकत घेतात ते हे सहा-नऊ महिने. ते कुणासाठी मोलाचे असतात, कुणासाठी नसतात. भूल द्यायला मन धजत नसेल तर तेवढ्या काळासाठी श्रवणयंत्र हा तिसरा पर्याय उरतोच. आपल्याकडे तो पालकांना कुणी सुचवत नाही, आणि सुचवला तर 'मशीन' या शब्दानेच नाकारला जातो.

ॲडिनॉइड सोबत काढायचं का? चार वर्षांच्या पुढे, पाण्यासाठी, हो, त्याचा फायदा दिसतो. पाणी पुन्हा साठण्याचं प्रमाण घटतं. चारच्या आत नाक कायम बंद, तोंडाने श्वास, झोपेत घोरणं-अडकणं असं वेगळं कारण हवं. आणि त्याआधी मुलाला तोंड उघडायला लावून पडजीभ पाहावी. तिचं टोक दुभंगलेलं असेल तर टाळूच्या आत झाकलेली फट असू शकते. अशा मुलाचं ॲडिनॉइड काढलं की हवा नाकातून निसटते आणि बोलणं गेंगाणं होऊन बसतं. पाहायला पाच सेकंद लागतात.

शस्त्रक्रिया स्वतः छोटी, दहा-वीस मिनिटांची, पण मुलांत पूर्ण भूल द्यावी लागते. सहा तास आधी अन्न आणि दूध बंद, दोन तास आधी पाणी बंद. ताप, ओला खोकला असेल तर भूलतज्ज्ञ तारीख पुढे ढकलतात, तिथे हट्ट करू नये. सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याच्या पुढच्या-खालच्या भागात दोन-तीन मिलिमीटरचा छेद देतात. मागच्या-वरच्या भागाच्या आड हाडांची साखळी असते, म्हणून तो टाळतात. स्राव ओढून काढतात आणि शिलाईच्या रिळासारखी, मध्ये मिलिमीटरभर भोक असलेली नळी छेदात अडकवतात. तिचं काम पाणी काढत राहण्याचं नाही, हवा आत सोडण्याचं आहे. नाकाकडे जाणाऱ्या, बंद पडलेल्या नळीचं काम ती करते. मूल त्याच दिवशी घरी येतं. एक-दोन दिवस लालसर पाणी येईल. चार ते सहा आठवड्यांनी ऑडिओग्राम पुन्हा करायलाच हवा, कारण पाण्यामागे दडलेली नसेची घट तेव्हाच उघडी पडते. ही भेट सर्वांत जास्त बुडवली जाते.

नळी सहा ते बारा महिन्यांत आपोआप बाहेर येते. पडद्यावर पांढरा डाग राहिला तरी ऐकण्यावर परिणाम सहसा नसतो. पडद्याचं भोक कायम राहण्याचा धोका साध्या ग्रोमेटमध्ये शेकडा दोनच्या आसपास. जास्त काळ टिकणाऱ्या टी-ट्यूबमध्ये तो शेकडा सोळा-सतरापर्यंत जातो. म्हणून पहिल्याच खेपेला टी-ट्यूब सुचवली तर कारण विचारावं. काही मुलांना दुसऱ्यांदा ग्रोमेट लागतं, हेही आधी सांगितलेलं बरं.

अंघोळीत साधं पाणी एवढ्या बारीक भोकातून सहसा आत जात नाही, साबणाचं जातं, कारण साबणाने पाण्याचा ताण कमी होतो. डोकं धुताना व्हॅसलीन लावलेला कापूस पुरे. तलावात वरवर पोहायला हरकत नाही. विहिरीत सूर मारणं आणि नदी-ओढ्याचं गढूळ पाणी नको. विमानप्रवासाला अडचण नाही, उलट कानाला दडे बसत नाहीत. चारांतल्या एखाद्या मुलाचा कान नळी असताना कधीतरी वाहतो. ते पाहून घाबरून नळी काढायला सांगू नये. बाहेरचा स्राव पुसून डॉक्टरांनी दिलेले सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब टाकायचे आणि कानाच्या भोकासमोरचा टोकदार भाग चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे थेंब नळीतून आत उतरतात. ताप नसेल, मूल खेळत असेल तर तोंडावाटे अँटिबायोटिक सहसा लागत नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेले निओमायसिन किंवा जेंटामायसिनचे थेंब मात्र नळी असलेल्या कानात नकोतच. आतल्या नसेला त्यांचा धोका असतो.

इथवर सगळं पडद्यामागच्या पाण्याबद्दल झालं. दोन आजारांत हे वाट पाहणं घातक ठरतं. थोडाच पण कुजकट वासाचा, औषधाने न थांबणारा स्राव, पडद्याच्या वरच्या भागात पांढरट पापुद्रे : हा हाड खाणारा आजार, कोलेस्टिॲटोमा. तिथे शस्त्रक्रिया ऐकण्यासाठी नसून कान सुरक्षित आणि कोरडा करण्यासाठी असते, आणि सडलेलं हाड काढावं लागल्याने ऐकणं तात्पुरतं आणखी उतरूही शकतं, हे पालकांना आधी सांगावं. चेहरा वाकडा होणं, चक्कर, मेंदूपर्यंत पू जाणं, ही त्याची टाळाटाळीची किंमत. दुसरा, जन्मजात तीव्र बहिरेपणा. त्यात पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन हा नेम आहे. मशीनचा पुरेसा उपयोग होत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र), तेही जितक्या लवकर तितकं बरं. दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत जन्मजात बहिऱ्या मुलाच्या इम्प्लांटसाठी वयाची मर्यादा पाच वर्षांची आहे आणि त्याचं काम मुंबईतल्या वांद्रे रिक्लमेशनच्या अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेमार्फत चालतं. साडेचार वर्षांचं मूल घेऊन आलेल्या आईबापांची कागदपत्रांत कशी धावाधाव होते, ते वेगळं सांगायला नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. या भेटीनंतर जे मूल पुढे पाठवलं जातं, त्याच्या चिठ्ठीवर 'कमी ऐकू येते' एवढंच न लिहिता तारीख, कोणता कान आणि पाणी आहे की भोक हे लिहिलं जावं. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक दवाखान्याने टिम्पॅनोग्राम आणि ऑडिओग्रामची प्रत पालकांना द्यावी, आणि पालकांनीही ती मागितल्याशिवाय खुर्ची सोडू नये. तीन महिन्यांनी दुसरीकडे गेलं तरी पहिला आकडा हातात असेल, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करावी लागणार नाही.

आपल्या,
लहान मुलांच्या श्रवणतपासणीचं काम करणाऱ्या दोघी ऑडिओलॉजिस्ट,
पुणे